हरणाऱ्याची कॉफी

आमच्या ऑफिसात एक रीत होती. दोन मॉडेलांची झुंज लागली की ज्याचं मॉडेल हरेल त्याने सगळ्या टीमला फिल्टर कॉफी पाजायची. ऑफिसच्या मशीनमधली चालायची नाही. रस्त्यापलीकडच्या दर्शिनीतलीच, म्हणजे उभ्याच्या हॉटेलातलीच हवी, स्टीलच्या पेल्यातली, उभ्याने प्यायची. ही रीत ज्यांनी पाडली त्यांना ऑफिसातली बाविशीतली पोरंसुद्धा नावाने हाक मारायची, कारण बंगळुरूच्या कंपन्यांत तसंच चालतं. मला ते कधी जमलं नाही. मी नागपूरची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी आपली "सर, सर" करत होते. एक दिवस लिफ्टमध्ये ते म्हणाले, "सर बेड. नको ते. शाळेत आल्यासारखं वाटतं. आमच्या घरी अण्णा म्हणतात, तू पण तेच म्हण." तेव्हापासून ते माझे अण्णा झाले.

अण्णांचं घराणं मराठी, पण बंगळुरूत त्यांची तिसरी पिढी. आजोबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, वडील त्याच कारखान्यातून निवृत्त झाले, जयनगरला घर बांधलं, आणि मराठी घरातल्या घरात जपून ठेवली. त्यामुळे अण्णा एका वाक्यात आजीच्या काळातला एखादा शब्द वापरायचे आणि पुढच्याच वाक्यात "स्वल्प थांब गं" म्हणायचे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. बाकी कारभार हिंदी-इंग्रजीत. दुपारी डबे उघडले की आमची मराठी सुरू व्हायची, आणि अण्णांच्या बायकोच्या हातचं चित्रान्न खाता खाता मी त्यांना ऐन नागपुरी शिव्या शिकवायचे. त्या त्यांना फार आवडायच्या, पण देताना ते इतके मऊ आवाजात द्यायचे की कोणालाच लागायच्या नाहीत.

डेटा सायंटिस्ट हा शब्द फार भारदस्त आहे. आमचं काम त्यामानाने घरगुती होतं. कंपनी रोज सकाळी फ्लॅटवाल्यांच्या दाराशी भाजी पोचवायची. उद्या जयनगरला किती कोथिंबीर लागेल आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत किती, हे आज दुपारीच गोदामाला कळवावं लागायचं. जास्त कळवली तर सडते, कमी कळवली तर लोक चिडतात. मागच्या विक्रीवरून हा अंदाज बांधणारं जे गणित कॉम्प्युटरवर चालतं त्याला मॉडेल म्हणतात. माझी आई नागपुरात शेजारणींना सांगते, "पोरगी भाजीच्या धंद्यात आहे." मी ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय.

त्याआधी मी नागपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते. कायम व्हायची वाट बघता बघता तिशी उलटली, तेव्हा चिडून नवीन विद्या शिकले आणि बंगळुरूला अर्ज टाकले. इतर कंपन्यांनी मुलाखतीत मला अशी सूत्रं विचारली की आपण पुन्हा बारावीला बसलोय असं वाटलं. अण्णांनी एकच गोष्ट विचारली, "कोथिंबीर उरली तर काय, आणि कमी पडली तर काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे उरली तर वड्या करतात. कमी पडली तर भांडण होते." ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, म्हणजे कमी पडण्याची किंमत उरण्याच्या किमतीहून जास्त, हे तुला कळलंय, बाकीचं शिकवता येतं.

आणि त्यांनी शिकवलं. आमच्या धंद्यात चाळिशी आली की माणसाने मॅनेजर व्हायचं असतं. झाला नाही तर लोक विचारतात, काही प्रॉब्लेम आहे का. अण्णांनी मॅनेजरकी दोनदा नाकारली होती. मिटिंगांत बसून दुसऱ्यांच्या कामाचे तक्ते बघायचे, त्यापेक्षा मला माझे आकडे बरे, असं म्हणायचे. तर हा अर्धपिक्या केसांचा माणूस पोरासोरांच्या रांगेत खुर्ची टाकून बसायचा आणि दिवसभर आकडे चिवडायचा. त्यांचं मॉडेल फार जुनं. टीममधली पोरं त्याला "अज्जी" म्हणायची, म्हणजे आजी. अज्जीला एकादशी कळायची, वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी केळीची पानं आणि फुलं किती जातात ते कळायचं, लग्नाचे मुहूर्त कळायचे, संक्रांतीच्या सुमाराला सगळं शहर पावट्याच्या शेंगांमागे कसं वेडं होतं ते कळायचं. हे सगळं अण्णांनी पंचांग बघून, बायकोला विचारून, वर्षानुवर्षं हाताने भरलेलं होतं.

पण त्यांची खरी शिकवण वेगळीच होती. ज्या आकड्यांवर मॉडेलाची परीक्षा घ्यायची ते आकडे आधी कुलपात टाकायचे. त्यांच्याकडे बघायचंही नाही. "लोणच्याची बरणी आहे ती," असं म्हणायचे, "ओला हात लागला की बुरशी." आणि कुलूप उघडायच्या आधी कशाला जिंकलं म्हणायचं आणि कशाला हरलं, ते फळ्यावर लिहायचं, खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, फोटो काढायचा. कारण एकदा आकडे दिसले की प्रत्येकाला आपलं बाळ गोरं दिसतं. माणूस मग कसोटीच अशी शोधतो की आपलंच जिंकेल. यात लबाडी असते असं नाही, हात आपोआप तिकडे जातो. मी हे कॉलेजात शिकवत होते, पुस्तकातून. प्रत्यक्ष पाळताना पहिल्यांदा पाहिलं ते अण्णांना.

एका पावसाळ्यात आमच्या डायरेक्टर बाईंनी मला बोलावलं. आमच्या ऑफिसातल्या मिटिंगच्या खोल्यांना शहरातल्या तलावांची नावं आहेत, त्यातले बरेचसे तलाव बुजवून वर ऑफिसंच उभी राहिली आहेत. तशाच एका तलावात आम्ही दोघी बसलो. बाई दिल्लीकडच्या, माझ्याहून लहान, फार हुशार, आणि वाईट अजिबात नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या नव्या टीमने एक मोठं मॉडेल केलंय. ते आणि अज्जी दोन्ही शेजारी शेजारी चालवायची, गणपतीपासून दिवाळीपर्यंत. नवं जिंकलं तर अज्जी बंद. आणि अज्जी बंद झाली तर अण्णांची जागाही बंद, कारण ती जागा अज्जीसाठीच आहे. तुलना मी करायची.

माझं डोकं फिरलं. "मी नाही करणार," मी म्हटलं, "मी त्यांची चेली आहे. दुसऱ्या कोणाला सांगा."

"इसीलिए तो आप," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही केलीत तर त्यांच्यावर अन्याय झाला असं कोणी म्हणणार नाही."

मी तरातरा अण्णांच्या टेबलाशी गेले. ते संत्रं सोलत बसले होते. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, बाईंनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. मी बाईंना, वरच्या मजल्याला आणि एकूण उद्योगाला यथेच्छ नावं ठेवली. अण्णांनी संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे सरकवल्या. "होगलि बिडु, जाऊ दे," म्हणाले. "अज्जी हरेल असं तुला वाटतं का? मला नाही वाटत." त्यांच्या तोंडावर चक्क गर्व होता. अण्णा साधू वगैरे नव्हते. अज्जीवर त्यांचा फार जीव होता आणि ती जिंकणारच याची त्यांना खातरी होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कसोटी लिहायची होती. सडलेली भाजी अधिक कमी पडलेली भाजी, ज्याची बेरीज कमी तो जिंकला, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. मी मध्येच म्हटलं, सणाच्या दिवसांना दुप्पट वजन द्यावं, कारण त्या दिवशी भाजी कमी पडली तर गिऱ्हाईक कायमचं तुटतं. बाई विचार करायला लागल्या. वरच्या मजल्यावरची पोरं चुळबुळली. तेवढ्यात अण्णांनी खडू, म्हणजे फळ्याचं ते पेन, हातात घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगळे दिवस सारखे. खाली स्वतःची सही केली आणि आम्हा सगळ्यांनाही करायला लावली. सण हा अज्जीचा हातखंडा विषय, तिथे सवलत घेतली तर लोक म्हणतील आजीला आधाराची काठी दिली, असा त्यांचा हिशेब. मी बाहेर येऊन म्हटलं, "काय करून राहिले अण्णा तुम्ही? आपल्या पायावर धोंडा पाडून घेता काय?" ते नुसते हसले. मला त्यांचा असा राग आला की त्या दिवशी मी डबा त्यांच्याबरोबर खाल्ला नाही.

गणपती आले, गेले. दसरा झाला. गोदामाला रोज अज्जीचाच अंदाज जायचा. नव्या मॉडेलचा अंदाज कुलपात पडायचा. कोणी बघत नव्हतं. माझ्याकडे किल्ली होती, आणि दिवसातून एकदा तरी हात शिवशिवायचे. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी गोदामातून झेंडू आणि कोहळे बरोब्बर संपले, एक उरला नाही की एक कमी पडला नाही, तेव्हा अण्णा लहान पोरासारखे खूश झाले. "बघ, बघ," म्हणत त्यांनी तो आकडा मला तीनतीनदा दाखवला. मीही मनात म्हटलं, झालं, जिंकलो.

दिवाळी संपल्यावर एका सकाळी आम्ही कुलूप उघडलं. बाई होत्या, वरच्या मजल्याची दोन पोरं होती, अण्णा माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी बेरीज लावली. अज्जी हरली होती. फार नाही, पण हरली होती, आणि त्यात शंकेला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरची पोरं अशी मान खाली घालून उभी होती की त्यांच्याच घरी काही वाईट झालंय. अण्णा म्हणाले, "सरी. ठीक आहे." पाठीला बॅग लावली आणि निघून गेले. कॉफी पाजायची राहिली. आजवर असं कधी झालं नव्हतं.

पुढचे दोन दिवस ते आलेच नाहीत. फोन उचलेनात. मी त्यांच्या घरी फोन केला तर बायको म्हणाली, "रुसून बसलेत. गच्चीवर कुंड्यांतली माती बदलतायत. सगळी फुलझाडं मारणार बहुतेक." त्या दोन दिवसांत मी तुलनेचा अहवाल लिहायला घेतला. आकडे वेगवेगळे करून पाहिले तर दिसलं की सणाच्या दिवशी अज्जीच सरस होती, ठळकपणे सरस. साध्या दिवसांवर ती मागे पडली होती. मग मी अहवालाची सुरुवातच सणांपासून केली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. एकूण बेरीज खाली, दुसऱ्या पानावर. एकही आकडा खोटा नव्हता. गिऱ्हाईक सणालाच तुटतं हे माझं म्हणणं होतंच, फळ्यापुढेही मी ते बोलले होते. मला आजही ते अगदीच चूक वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. हातात भला मोठा फ्लास्क. दर्शिनीतली कॉफी फ्लास्कात भरून आणली होती, कारण सगळ्यांना खाली नेऊन आपल्या पराभवाचा समारंभ करायची त्यांची तयारी नव्हती. वरच्या मजल्यावरच्या पोरांना त्यांनी आधी ओतली. मग माझा पेला घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि त्यांची नजर पडद्यावरच्या अहवालावर गेली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पेला खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"खरे आकडे आहेत सगळे."

"फळ्यावर काय लिहिलंय? सही कोणाची आहे?"

"तुमची जागा जाईल अण्णा!" माझा आवाज चढला. आजूबाजूचे बघायला लागले. "कळते काय तुम्हाला? या वयात कोण घेणार तुम्हाला? मी एक ओळ वर-खाली केली तर कोणाचं काय बिघडलं?"

अण्णा मला एवढ्या वर्षांत कधी रागावले नव्हते. त्या दिवशी रागावले. आवाज मात्र चढवला नाही. "माझी जागा गेली तर मी दुसरी शोधीन," म्हणाले. "पण आकडे बघितल्यावर तू कसोटी फिरवलीस असं एकदा झालं, की पुढे तू कधीही खरं बोललीस तरी तुला स्वतःलाच ते खरं वाटायचं नाही. मी तुला हे शिकवलं काय?" मी रडकुंडीला आले होते, पण ऑफिसात रडायचं नाही असा माझा नेम आहे. मी अहवाल पुसला आणि बेरीज सगळ्यात वर लिहिली. त्यांच्याकडे न बघता.

ते तिथेच बसले. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी वेगळ्याच आवाजात विचारलं, "कुठे चुकली गं ती? दाखव तर."

मग आम्ही दोघं दिवसभर तेच शोधत बसलो. अज्जी मार खात होती मंगळवार, बुधवार, गुरुवारी. रोज थोडाथोडाच, पण दर आठवड्याला, नेमाने. आणि मार सगळ्यात जास्त बसत होता इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला. अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि एकदम कपाळावर हात मारून ओरडले, "अय्यो! बस!"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. हल्ली सगळ्या कंपन्यांनी लोकांना आठवड्यातले मधले तीन दिवस ऑफिसात बोलवायला सुरुवात केली होती. सोमवारी आणि शुक्रवारी माणसं घरून काम करतात, निवांत भाजी चिरतात. मधले तीन दिवस ऑफिसातच जेवतात. नव्या मॉडेलने ते आकड्यांतून हेरलं होतं. अज्जीला मात्र सोमवार ते शुक्रवार सगळे एकाच माळेचे मणी, कारण अण्णांनी तिला तसंच शिकवलं होतं. "आणि मी रोज जयनगरहून बसनेच येतो!" अण्णा म्हणत होते. "मंगळवारी मला उभं राहायलाही जागा मिळत नाही, सोमवारी खिडकी मिळते. रोज शिव्या घालतो, तुझ्याच नागपुरी. पण डोक्यात आलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ते हसत होते, टेबलावर थाप मारत होते. मग उठून वरच्या मजल्यावर गेले, त्या पोरांना खाली घेऊन आले, आणि त्यांच्या मॉडेलने काय हेरलंय ते त्यांनाच समजावून सांगायला लागले. पोरांनाही ते माहीत नव्हतं. त्यांचं मॉडेल जिंकलं एवढंच त्यांना ठाऊक.

ज्या शोधाने आपली नोकरी जाणार, त्याच शोधाने हा माणूस इतका आनंदला होता. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

अज्जी बंद झाली. अण्णांची जागाही गेली. बाईंनी निरोपाच्या दिवशी चांगले चार शब्द बोलून दाखवले, केक आणला. पोरांनी अण्णांना मिठ्या मारल्या. दोन्ही टीम एक करून बाईंनी मला मॅनेजर केलं. मी नाही म्हणायच्या आधीच अण्णांनी फोनवर बजावलं, "घे. घरभाडं आहे, आई आहे. माझ्यासारखा हट्ट परवडायला जयनगरला बापाचं घर लागतं." म्हणून मी घेतलं. मला केबिन मिळाली. दिवस मिटिंगांत जाऊ लागला. ह्या तलावातून त्या तलावात, आणि प्रत्येक ठिकाणी उंटावरून शेळ्या हाकायच्या. कोण काय करतंय ते मी विचारायचे, पण मी काय करतेय ते मला सांगता यायचं नाही.

अण्णा नोकरी शोधत होते. दर आठवड्याला फोन करून हकिगत सांगायचे. एका ठिकाणी त्यांना पडद्यावर घड्याळ लावून परीक्षेला बसवलं, घड्याळाकडेच बघत बसल्यामुळे प्रश्न राहून गेला. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? हे म्हणाले, "साठीच्या आसपास." एका ठिकाणी सगळं जमलं आणि शेवटी कळवलं की तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. हे सगळं ते हसत सांगायचे. मीही हसायचे. पण दिवस जात होते, आणि त्यांचा आवाज हळूहळू उतरत चालला होता. एकदा म्हणाले, "बायको म्हणते, घरच्या किराण्याचा अंदाज बांधू नका, नाहीतर मी तुम्हाला माहेरी पाठवीन." मग म्हणाले, "आता या धंद्यात मला कोणी बसू देणार नाही बहुतेक. आकड्यांशिवाय काय करू ते मला गोत्तिल्ल गं. खरंच माहीत नाही." मी काहीतरी धीराचं बोलले. फोन ठेवल्यावर मला ते सगळं पोकळ वाटलं.

मग देवनहळ्ळीची एक कंपनी निघाली. विमानतळाच्या बाजूला अजून जी शेतं उरली आहेत तिथे गुलाबं पिकवतात, आणि ही कंपनी ती परदेशी पाठवते. कोणत्या दिवशी किती फुलं तोडायची याचा अंदाज त्यांना हवा होता. मुलाखती झाल्या. शेवटचं पाऊल उरलं होतं, जुन्या सहकाऱ्याला फोन करून माणूस कसा आहे ते विचारायचं. आमच्याकडे ही रीतच आहे. अण्णांनी माझं नाव दिलं होतं, आणि मला बजावलं होतं, "जे आहे तेच सांग."

फोन दुपारी आला. तरुण आवाज, बोलणं हिंदीत. त्याच्यापुढे ठरलेले प्रश्न असावेत. काम कसं, वागणं कसं. मी सांगत गेले. मग त्याने विचारलं, त्यांची उणीव काय?

अशा वेळी लोक काय सांगतात ते मला माहीत आहे. फार मेहनत करतात, स्वतःकडे लक्ष देत नाहीत, असली गोडगोड उणीव. अण्णांची आशा या एका फोनवर टांगली होती, आणि तरी मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "हट्टी आहेत. नवीन साधन दिसलं की आधी नाक मुरडतात. पंचांगावर फार विसंबतात. आणि हरले की रुसतात."

त्याने विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे दोन दिवस घरी बसतात. मग येऊन विचारतात, मी कुठे चुकलो ते दाखव. आणि ते सापडलं की जिंकणाऱ्यापेक्षा जास्त खूश होतात. जिच्यामुळे नोकरी गेली ती चूक त्यांनी स्वतःच शोधून काढली, आणि जिंकणाऱ्यांना समजावून सांगितली."

तो काही तरी टाइप करत होता. मग शेवटचा प्रश्न आला, तुम्ही त्यांच्याबरोबर पुन्हा काम कराल का? याला नुसतं हो म्हणायचं असतं. माझ्या केबिनच्या काचेबाहेर पुढच्या मिटिंगवाले येऊन उभे होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याकडे आणखी एक जागा आहे का?"

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचंही हसू थांबलं.

संध्याकाळी अण्णांचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "हट्टी म्हणालीस?"

"हो."

"रुसतो म्हणालीस?"

"हो."

"सरी. ते खरं आहे." मागे कुकरची शिटी झाली. "घेतलं मला त्यांनी. सोमवारपासून."

मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या अक्का दार उघडून बघायला आल्या. अण्णा मला ओरडू देत होते. मग त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "आणि जागा काय मागतेस? कढीपत्ता आहे का तो, भाजीबरोबर घाला म्हणायला? केबिन सोडून कुठे येतेस?"

"अण्णा, किती महिने झाले, मी एकही आकडा हातात धरला नाही. मला कंटाळा आलाय. मला काम करायचं आहे."

त्यांनी उठून गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं.

"जागा आहे," ते म्हणाले. "पण मुलाखत मी घेणार नाही. त्या खोलीतसुद्धा नसेन. मी तुझ्याबद्दल कोणाला एक शब्द सांगणार नाही, विचारलं तरी. नापास झालीस तर मध्ये पडणार नाही."

"नका पडू."

"मला वाईट वाटेल."

"वाटू द्या."

"सरी," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी तशीच उभी राहिले आणि मला रडू फुटलं. तू काळजी करू नकोस, मी सांगतो त्यांना, असं म्हणणारी माणसं मला जन्मभर भेटत आली, कॉलेजातही भेटली, आणि त्यांच्या सांगण्याची वाट बघण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. कोणाच्या शब्दाशिवाय मला जमेल असं धरून चालणारे हे एकटेच. अक्का दारातून विचारत होत्या, काय झालं, काही वाईट बातमी आहे का. मी त्यांना सांगितलं, नाही, माझी परीक्षा आहे, आणि डोळे पुसून अभ्यासाला बसले.